तंबूच्या मापाचा वारसा

न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा सरोवराकाठची लाकडी घरं एकमेकांना इतकी खेटून का उभी आहेत? लुईस मिलर आणि जॉन व्हिन्सेंट यांनी १८७४ मध्ये इथे संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरवला, तेव्हा बरेच जण तंबूंत राहिले. पुढे तंबूंच्या त्या चिंचोळ्या जागांवरच घरं उठली. अंगण नसल्याने व्हरांडा हीच बैठक झाली आणि शेजार आपसूक जुळला. म्हणूनच इथला खरा वारसा नक्षीकामापेक्षा या दाटीत आहे. आता ही सधनांची उन्हाळी वसाहत झाली, हा आक्षेप रास्तच. पण १९८९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा सुट्या बंगल्याला नव्हे, अख्ख्या वस्तीला मिळाला. मालक बदलले, तरी मांडणी टिकली.