खिळा गेला, भोक राहिलं!

घर बदलायचंय. टेम्पो ठरला, खोकी भरली. टीव्ही उतरवला, फ्रेम्स काढल्या आणि भिंतीची झालेली चाळण एकदम नजरेत भरली! आता डिपॉझिट परत देताना मालक काय म्हणणार, या विचारानंच पोटात गोळा येतो. रिलॅक्स! थोडं सामान आणि दोन-तीन दिवस हाताशी असले, तर हे काम तुम्हीच करू शकता. फक्त ते शेवटच्या रात्रीवर ढकलू नका.

आधी भोक केवढं आहे ते बघा. खिळ्याचं बारीक भोक वॉलपुट्टीनं सहज बुजतं. ड्रिलचं खोल भोक मात्र वेगळं प्रकरण आहे आणि गोची होते ती इथेच. वॉलपुट्टी असते भिंतीवर जेमतेम दीड मिलिमीटरचा पातळ थर द्यायला. ती खोल भोकात कोंबली, की वाळताना आकसते आणि तडकते. तिथे क्रॅक फिलर किंवा पीओपी हवं. पीओपी काही मिनिटांतच घट्ट होतं, म्हणून थोडं थोडंच कालवा. बाथरूममध्ये मात्र ते नकोच, पाण्याशी त्याचं जमत नाही. आणि टूथपेस्टची आयडिया? विसरा! ती वाळून आकसते आणि तिच्यावर रंगही नीट धरत नाही.

आता कामाला लागा

* भोकातली प्लॅस्टिकची गिट्टी काढा. तिच्यात स्क्रू अर्धा पिळा आणि पकडीनं ओढा.
* सुटे पापुद्रे खरवडा, धूळ झटका, भोक आतून किंचित ओलं करा.
* फिलर पत्र्यानं दाबून भरा. भोक खोल असेल तर दोन-तीन थरांत. आधीचा थर वाळल्याशिवाय पुढचा नाही!
* शेवटचा थर भिंतीपेक्षा किंचित वर ठेवा. वाळला की १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा.
* प्रायमर लावा, मगच रंग. प्रायमर टाळलात तर पुट्टी रंग शोषते आणि तेवढाच डाग वेगळा दिसतो.

रंग जुळवायचा कसा? मालकांकडे जुना डबा असेल तर त्यावरचा शेड नंबर विचारून घ्या. तरीही जुना रंग उन्हानं आणि धुरानं बदललेला असतो. शंका असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक भिंतच रंगवून टाका.

घर जुनं असेल तर मास्क मस्ट! घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत ते कितीतरी जास्त असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, लहान मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा आणि नंतर फरशी ओल्या फडक्यानं पुसा.

भोकाभोवती ओल दिसतेय? मग बुजवायची घाई नको. आधी गळती शोधा, नाहीतर महिन्याभरात फुगवटा हजर!

आणि हो, करारातलं रंगकामाचं कलम वाचा, काम झाल्यावर भिंतीचे फोटो काढा. मग चावी देताना डिपॉझिटचा विषय बिनधास्त काढा!