दम्याचा पंप आणि तापणारी पृथ्वी

दम्याचा किंवा जुनाट खोकला-धापेचा रुग्ण घरात असेल, तर त्याच्या उशाशी एक छोटा पंप हमखास असतो. अलीकडे त्या पंपाविषयी एक नवीच शंका दवाखान्यात माझ्या कानी येऊ लागली आहे. नातवंडे मोबाइलवर काही वाचतात आणि सांगतात, "आजी, तुझ्या पंपाने पृथ्वी तापते." सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी मला गंभीरपणे विचारले, "मग दोनऐवजी एकच फवारा घेतला तर चालेल का?" त्या बातमीत तथ्य आहे, परंतु आजींनी तिच्यातून काढलेला निष्कर्ष त्यांच्या जिवावर बेतणारा आहे. म्हणून हा विषय थोडा मुळापासून समजून घेऊ.

पंपाच्या डबीत औषध अगदी थोडे असते. साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या पंपातून एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध बाहेर पडते. उरलेला जवळजवळ सगळा भाग म्हणजे दाबाखाली द्रवरूपात भरलेला वायू. तोच औषधाला बाहेर ढकलतो, म्हणून आपण त्याला ढकलवायू म्हणू. १९५६ साली अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीने असा पहिला पंप बाजारात आणला. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या मुलीला दमा होता. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का मिळत नाही, असे तिने वडिलांना विचारले आणि त्यातून ही कल्पना निघाली, असे सांगतात.

त्या पंपांत क्लोरोफ्लुओरोकार्बन गटातील वायू भरलेले असत. हेच वायू फ्रीजमध्येही वापरले जात. ते आकाशात उंचावर जाऊन ओझोनचा थर खातात, असा इशारा मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दिला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर भयावह विरळ झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. पुढे जगातील झाडून सारी राष्ट्रे त्यात आली. वायू बनवणारे कारखाने मोजके होते, पर्याय हाताशी येत होते, आणि विकसनशील देशांना बदलाचा खर्च मिळावा म्हणून स्वतंत्र निधीही उभा राहिला. करार यशस्वी होण्याची कारणे, माझ्या मते, इतकी साधी आहेत.

आपल्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. विकसित देशांनी १९९६ पासून या वायूंवर बंदी घातली, परंतु दम्याच्या पंपांना सवलत दिली. पर्यायी पंप तयार होऊन त्यांची चाचणी होईपर्यंत रुग्णाचा श्वास अडवायचा नाही, हे सर्वांनी मान्य केले होते. यथावकाश हायड्रोफ्लुओरोकार्बन हा नवा ढकलवायू आला. "डॉक्टर, नव्या पंपाला पूर्वीसारखा जोर नाही," अशी तक्रार तेव्हा रुग्ण करीत, आणि ती खरीच होती. नवा फवारा अधिक मऊ होता, औषध मात्र पुरेसे मिळत होते.

या नव्या वायूने ओझोनला धक्का लागत नाही. मात्र उष्णता धरून ठेवण्यात तो पटाईत आहे. पंपांत सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,३०० पट तापवतो. डबीत १० ग्रॅम वायू धरला, तर तिचा परिणाम १३ किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. स्कूटरवरून पुण्याहून कोल्हापूरला जाण्यासाठी जितके पेट्रोल जळेल, साधारण तितकाच. म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडातील किगाली येथे मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि या वायूंचा वापरही टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरले. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. आपल्याकडील कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे. या एका दुरुस्तीमुळे शतकाच्या अखेरीपर्यंत अर्ध्या अंशापर्यंत तापमानवाढ टळू शकेल, असा अंदाज आहे.

तापमानवाढीचे मुख्य कारण अर्थातच कोळसा, तेल आणि वायू जाळणे हेच आहे. त्यासाठीचा २०१५ चा पॅरिस करार कितीतरी अवघड, कारण ते इंधन प्रत्येक चुलीत आणि प्रत्येक गाडीत आहे. आणि हायड्रोफ्लुओरोकार्बनच्या बाबतीतही खरा दोषी पंप नव्हे. एअर कंडिशनर आणि फ्रीज हे त्याचे मोठे ग्राहक. बऱ्याच घरगुती एसींत असलेला आर-४१०ए हा वायू एक किलो गळला, तर दीडशेहून अधिक पंपांइतका परिणाम होतो. दर उन्हाळ्यात कारागीर येतो, गॅस भरतो आणि पैसे घेऊन जातो. गळती कुठे आहे ते आधी शोध, असे त्याला ठणकावून सांगा. नातवंडांना पृथ्वीची काळजी असेल, तर हे काम त्यांच्याकडे सोपवावे.

आता पंपाकडे वळू. फवारे आपल्या मनाने कमी करू नयेत. दमा अनियंत्रित राहिला की धाप लागते, मग आराम देणारा पंप पुन्हा पुन्हा ओढला जातो आणि वायूही अधिक बाहेर पडतो. साल्ब्युटामॉलचे तीन किंवा अधिक पंप वर्षाला लागत असतील, तर दमा ताब्यात नाही असे समजून डॉक्टरांना दाखवावे. नियमित घ्यायचे औषध नीट घेतले, तर आराम देणारा पंप क्वचितच लागतो. पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, स्पेसर लावून, सावकाश आणि खोल श्वास घ्यावा, मग दहा सेकंद रोखावा. स्पेसरविना बरेचसे औषध घशातच बसते. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला विसरू नये.

कॅप्सूलमधील भुकटी ओढण्याचे यंत्र, म्हणजे रोटाहेलर, त्यात ढकलवायूच नसतो. स्वीडनमध्ये बहुतेक रुग्ण भुकटीचीच यंत्रे वापरतात. आपल्याकडेही ती स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी आहेत. मग सर्वांनी तीच का वापरू नयेत? कारण भुकटी ओढायला श्वास जोरात आणि झटकन घ्यावा लागतो, पंपाच्या अगदी उलट. अशक्त वृद्धांना, फार धाप लागलेल्यांना किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ते जमत नाही. त्यांच्यासाठी स्पेसर लावलेला पंपच योग्य, आणि त्याबद्दल मनात अपराधी वाटून घेण्याचे काडीमात्र कारण नाही. शिवाय पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कॅप्सूल दमट होऊन भुकटी गोळा होते. ती डबी घट्ट बंद ठेवावी, कॅप्सूल आयत्या वेळी काढावी. आणि काळजीवाहकांनी एवढे जरूर पाहावे, की कॅप्सूल यंत्रात जाते, पोटात नव्हे. पाण्याबरोबर ती गिळणारे आजोबा मला दरवर्षी भेटतात.

कमी तापवणारे नवे ढकलवायूही येऊ घातले आहेत. त्यांपैकी एक सध्याच्या वायूच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकाच तापवतो. तोवर पंप उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये आणि रिकामी डबी आगीत टाकू नये. पुढच्या तपासणीला जाताना तो सोबत न्या, डॉक्टरांसमोर एक फवारा घेऊन दाखवा आणि भुकटीचे यंत्र मला झेपेल का, असे विचारा.