मार्गनिर्देशन, मोटारगाडीतील उपग्रहीय

कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांवरून धावत्या मोटारगाडीचे स्थान ठरविणे, ते संगणकातील नकाशावर दाखविणे आणि इष्ट स्थळी जाण्याचा मार्ग चालकास सुचविणे, या तीन क्रियांना मिळून ही संज्ञा लावतात. यासाठी तीन गोष्टी लागतात : संकेत घेणारा ग्राही, रस्त्यांची माहिती साठविलेला नकाशा व मार्ग शोधणारी आज्ञावली. आज या तिन्ही गोष्टी खिशातील दूरध्वनीत एकत्र सामावलेल्या असल्या, तरी १९९०–२०१० या काळात त्या बहुधा वेगवेगळ्या असत. लॅपटॉप या नावाने रूढ झालेला सुवाह्य संगणक आणि त्याला तारेने जोडलेला लहानसा ग्राही ही त्या काळातील हौशी प्रवाशांची व क्षेत्रीय सर्वेक्षकांची नेहमीची जोडणी होती. तिचे भाग सुटे असल्याने या पद्धतीचे तत्त्व व तिच्या मर्यादा समजून घेण्यास ती आजही उपयुक्त ठरते. प्रस्तुत नोंदीत उदाहरणे मुख्यतः सातारा व सांगली या जिल्ह्यांतील घेतली आहेत. घाट, बोगदा, जलाशय, सपाट प्रदेश व पूरप्रवण नदीकाठ हे सर्व येथे थोडक्या अंतरात आढळतात.

इतिहास : गाडीत नकाशा दाखविण्याचे प्रयत्न उपग्रहांच्या आधीचे आहेत. जपानमधील होंडा कंपनीने १९८१ मध्ये घूर्णदर्शीवर आधारलेले साधन विक्रीस आणले. त्यात पारदर्शक नकाशे पडद्यावर सरकविले जात. अमेरिकेतील ईटॅक कंपनीच्या १९८५ मधील साधनात नकाशे चुंबकीय फितीवर साठविलेले असत. ही साधने चाकांचे फेरे व गाडीची दिशा मोजून स्थान ठरवीत, त्यामुळे अंतराबरोबर चूकही साचत जाई.

जीपीएस या अमेरिकन उपग्रह प्रणालीस तेथील संरक्षण खात्याने १९७३ मध्ये मान्यता दिली आणि तिचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडण्यात आला. सप्टेंबर १९८३ मध्ये कोरियाचे एक प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएट हद्दीत शिरले व पाडले गेले. त्यानंतर ही प्रणाली नागरी उपयोगासाठी खुली ठेवण्याचे अमेरिकेने जाहीर केले. १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. तथापि नागरी संकेतात हेतुपुरस्सर दोष मिसळलेला असल्याने स्थानात सु. १०० मी.पर्यंत चूक येई. हा दोष मे २००० मध्ये काढून टाकण्यात आला व चूक सु. १० मी.पर्यंत खाली आली. गाडी कोणत्या रस्त्यावर आहे हे साध्या ग्राहीने सांगणे खऱ्या अर्थाने तेव्हापासून शक्य झाले.

तत्त्व : जीपीएस उपग्रह पृथ्वीपासून सु. २०,२०० किमी. उंचीवर, सहा कक्षापातळ्यांत, सु. १२ तासांत एक याप्रमाणे प्रदक्षिणा करतात. प्रत्येक उपग्रहात आणवीय घड्याळ असते. संकेत केव्हा निघाला व उपग्रह त्या वेळी कोठे होता, हे त्या संकेतातच सांगितलेले असते. ग्राही संकेत पोहोचल्याची वेळ पाहतो. निघण्याच्या व पोहोचण्याच्या वेळांतील फरकास प्रकाशवेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. तीन अंतरांवरून अवकाशातील बिंदू निश्चित व्हावयास हवा. परंतु ग्राहीतील स्वस्त क्वॉर्ट्‌झ घड्याळ अचूक नसते व एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मी.ची चूक होय. म्हणून घड्याळातील चूक ही चौथी अज्ञात राशी मानतात व तिच्यासाठी चौथा उपग्रह लागतो.

सापेक्षता सिद्धांतानुसार उपग्रहातील घड्याळे पृथ्वीवरील घड्याळांच्या तुलनेने दररोज सु. ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. याची दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात सु. ११ किमी. इतकी चूक साचेल. आयनांबर व क्षोभावरण यांतून येताना संकेतास होणारा विलंब आणि डोंगर वा इमारती यांवरून परावर्तित होऊन आलेले संकेत यांमुळेही चूक संभवते.

ग्राही व संगणक यांची जोडणी : ग्राही साधारणपणे सेकंदास एकदा आपले स्थान अक्षरांच्या ओळींच्या रूपात संगणकाकडे पाठवितो. या ओळींचा एनएमईए ०१८३ हा संकेतनियम मूळचा नौकांवरील उपकरणांसाठी तयार झाला. ओळीत वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा व वापरलेल्या उपग्रहांची संख्या अशी माहिती असते. येथे नवशिक्याची एक चूक नेहमी होते. या नियमात अक्षांश अंश व मिनिटे यांत लिहिलेला असतो. साताऱ्याचा अक्षांश १७ अंश ४१ मिनिटे आहे. तो १७·४१ अंश असा वाचल्यास स्थान सु. ३० किमी. दक्षिणेस सरकते व साताऱ्यातील गाडी उंब्रजच्या अक्षांशावर दिसू लागते.

ग्राहीस आकाश मोकळे दिसणे आवश्यक असल्याने तो गाडीच्या टपावर किंवा पुढील काचेजवळ ठेवतात. काचेवर धातूचा पातळ लेप असल्यास संकेत क्षीण होतो. गाडीच्या विद्युत्‌ घटमालेचा दाब १२ व्होल्ट असतो, तर लॅपटॉपला बहुधा त्याहून अधिक दाब लागतो. १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करून पुन्हा ते उतरविण्यात ऊर्जा वाया जाते, म्हणून थेट रूपांतर करणारे साधन श्रेयस्कर ठरते. फिरत्या तबकडीच्या स्मृतीस खड्ड्यांचे धक्के बाधतात आणि उन्हात पडदा नीट दिसत नाही. अचानक गतिरोध झाल्यास सुटा लॅपटॉप प्रवाशांना इजा करू शकतो, त्यामुळे तो घट्ट बसविणे व त्याकडे चालकाने नव्हे, तर शेजारच्या व्यक्तीने लक्ष देणे इष्ट असते.

नकाशा व आधारपृष्ठ : ग्राही केवळ अंक देतो, त्या अंकांना अर्थ नकाशामुळे येतो. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या स्थलवर्णनात्मक तक्त्यांत सातारा शहर ७४ अंश पूर्व रेखांशाच्या लगत येते. त्यामुळे त्याचा परिसर ४७ जी व ४७ के अशा दोन विभागांत वाटला जातो, तर सांगली ४७ एल या विभागात पडते. असे तक्ते प्रकाशवाचकाने संगणकात घेऊन व त्यांवरील तीन-चार ज्ञात बिंदूंचे अक्षांश-रेखांश नोंदवून ते मार्गदर्शक नकाशे म्हणून वापरता येतात.

यात एक सूक्ष्म अडचण आहे. १८०२ मध्ये सुरू झालेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणावर आधारलेले जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर काढलेले आहेत, तर जीपीएसचे अंक डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक गोलाभावर मोजलेले असतात. दोहोंच्या विषुववृत्तीय त्रिज्यांत सु. ८६० मी. फरक असून त्यांचे मध्यबिंदूही भिन्न आहेत. परिणामी एकाच स्थळाचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत वेगळे येतात व आज्ञावलीत आधारपृष्ठाची योग्य निवड न केल्यास या भागात शंभर मीटरांच्या आसपास चूक पडते. वाईस किंवा कराडास कृष्णेच्या काठाने जाणारी गाडी मग पडद्यावर पात्रातून चाललेली दिसू शकते. ही चूक ग्राहीचीही नसते व नकाशाचीही नसते. दोन बिनचूक मोजमापे विसंगत रीतीने जोडल्यामुळे ती घडते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार नागरी उपयोगाचे तक्ते डब्ल्यूजीएस-८४ वर काढण्याचे ठरले आणि फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानगीची अट बव्हंशी काढून टाकली.

मार्गशोधन : तक्त्याच्या चित्रावर गाडीचे स्थान दिसते, पण मार्ग शोधता येत नाही. त्यासाठी रस्त्यांची मांडणी बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषा अशा जाळ्याच्या रूपात करावी लागते. नाके व फाटे हे बिंदू आणि त्यांमधील रस्ते या रेषा होत. प्रत्येक रेषेस लांबी किंवा लागणारा वेळ अशी किंमत दिली की, एकूण किंमत किमान असलेला मार्ग काढता येतो. डच गणितज्ञ ई. डब्ल्यू. डिक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत या कामी पायाभूत मानली जाते. उदा., साताऱ्याहून सांगलीस महामार्गाने कराड, पेठ नाका व आष्टा असे जाता येते, तसेच रहिमतपूर, विटा व तासगाव या बाजूनेही जाता येते. केवळ अंतर, केवळ वेळ किंवा तासवडे येथील पथकर टाळणे यांपैकी काय महत्त्वाचे मानावे, हे संगणकास सांगावे लागते. म्हणून ‘उत्तम मार्ग’ हे उत्तर प्रश्नाच्या मांडणीवर अवलंबून असते.

रेषांची दिशा नोंदविणेही तितकेच महत्त्वाचे आहे. खंबाटकी घाटात नव्या बोगद्यांचे काम होण्यापूर्वी पुण्याहून येणारी वाहने घाट चढून येत व पुण्याकडे जाणारी जुन्या बोगद्यातून जात. नकाशात दोन्ही रस्ते दुतर्फा नोंदविलेले असतील, तर आज्ञावली वाहनास समोरून येणाऱ्या रहदारीत घालू शकते. बोगद्यात शिरताच उपग्रह दिसेनासे होतात व आज्ञावली शेवटच्या वेगावरून स्थानाचा केवळ अंदाज करते. या जुन्या बोगद्याबाहेरील इंग्रजी ‘एस’ आकाराचे वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध होते. नेमक्या अशा ठिकाणी, संकेत पुन्हा स्थिर होण्याच्या आत, चालकाने पडद्यावर विसंबणे धोक्याचे असते.

जवळ असणे व जोडलेले असणे यांतील भेद कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी स्पष्ट होतो. बामणोली व तापोळा ही स्थळे पाण्यावरून लाँचने जवळ, तर रस्त्याने बरीच दूर आहेत. धरणापूर्वीच्या सर्वेक्षणावरील तक्ता वापरल्यास आज पाण्याखाली असलेल्या वाटाही त्यात चालू दिसतील.

मर्यादा : ताशी ७२ किमी. वेगाने जाणारी गाडी सेकंदात २० मी. पुढे जाते; स्थानातील चूक सर्वसाधारणपणे ५ ते १० मी. असते. त्यामुळे महामार्ग व त्याला लागून असलेला सेवारस्ता, तसेच उड्डाणपूल व त्याखालचा रस्ता यांतील फरक ग्राहीस खात्रीने कळत नाही. गाडी थांबली की दिशाही कळत नाही, कारण ग्राही दिशा गतीवरून काढतो. कुंभार्ली घाटासारख्या खोल वळणांत आकाशाचा थोडाच भाग दिसतो व परावर्तित संकेतांमुळे स्थान उड्या मारते. जीपीएसमधील आठवड्यांची गणना १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ व एप्रिल २०१९ मध्ये असे घडले, तेव्हा काही जुने ग्राही चुकीची तारीख दाखवू लागले.

नावांचा घोटाळा हा वेगळाच प्रश्न आहे. खंडाळा सातारा जिल्ह्यात आहे व लोणावळ्याजवळही आहे. बोरगाव साताऱ्याजवळ आहे व वाळवे तालुक्यातही आहे. तालुक्याचे नाव न पाहता निवड केल्यास यंत्र बिनचूकपणे भलत्याच गावी नेते.

सर्वांत गंभीर मर्यादा काळाची आहे. नकाशा भूतकाळातील स्थिती सांगतो. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत सांगली शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले आणि पुणे–बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ काही दिवस बंद पडला. संगणकात साठविलेल्या नकाशात या काळातही तो मार्ग मोकळाच दिसला असता. सांगलीकर आयर्विन पुलाजवळील पाण्याची पातळी पाहून कोणता रस्ता केव्हा बुडेल याचा अंदाज करतात. हे ज्ञान अक्षांश-रेखांशांत नसते.

सद्यस्थिती : दूरध्वनीतील आज्ञावल्यांमुळे लॅपटॉपची जोडणी मागे पडली, मायक्रोसॉफ्टने अशा उपयोगाची आपली नकाशा-आज्ञावली २०१४ मध्ये बंद केली. दूरध्वनीवर इतर वाहनांच्या गतीवरून कोंडीची माहिती मिळते. परंतु तिला दळणवळणाचे जाळे लागते व घाटात ते खंडित होते. म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवण्याची लॅपटॉपच्या काळातील सवय आजही उपयोगी पडते. भारताने विमानांच्या मार्गनिर्देशनासाठी गगन ही पूरक प्रणाली व २०१३–१६ मध्ये सात उपग्रहांची नाविक ही स्वतंत्र प्रादेशिक प्रणाली उभारली. नाविकच्या काही उपग्रहांतील घड्याळे निकामी झाल्याने नव्या पिढीचे उपग्रह पाठविण्यात येऊ लागले. त्यांपैकी पहिला मे २०२३ मध्ये सोडण्यात आला. जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या बहुतेक सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थान कळविणारे साधन सक्तीचे आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांनुसार चालकास हातातील साधन केवळ मार्गनिर्देशनासाठी व तेही एकाग्रता ढळणार नाही अशा रीतीने वापरता येते.

साधने बदलली, तरी त्यांचे तत्त्व तेच आहे : ग्राही स्थान सांगतो, नकाशा पूर्वी नोंदलेला रस्ता सांगतो व आज्ञावली त्या दोहोंवरून अनुमान काढते. पुढील रस्ता आज जाण्याजोगा आहे किंवा नाही, याचा निर्णय चालकासच घ्यावा लागतो.