आधी माणूस, मग आजार
घरातल्या वृद्धांची सेवा

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू जुलाबाने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. भगवान बुद्ध आणि आनंद तिथे आले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून बिछान्यावर निजवले. याची सेवा का झाली नाही, असे बुद्धांनी विचारले. इतर भिक्खूंचे उत्तर होते की तो आमच्यासाठी काही करत नाही. तेव्हा आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा, अशी शिकवण बुद्धांनी दिली.

म्हातारपणी हाच प्रश्न उभा राहतो. हातून काम होत नाही म्हणून माणसाची किंमत कमी होते का?

चांगल्या सेवकाचे पाच गुणही तिथेच सांगितले आहेत : औषध तयार करता येणे, पथ्य-कुपथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न करणे आणि धम्माच्या बोलण्याने आजाऱ्याला धीर देणे. आजच्या नर्सिंगमध्ये ‘व्यक्तिकेंद्री शुश्रूषा’ शिकवतात. ब्रिटनमधील टॉम किटवूड यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबाबत हा विचार मांडला : आजारामागचा माणूस आधी पाहा.

आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतही हे करता येते.

विचारून करा. अंघोळ आत्ता की दुपारी, भाकरी की भात, हे आजीलाच विचारा. अंग पुसताना आडोसा करा, काय करतो आहोत ते सांगा. तिच्यासमोर ‘हिला काही कळत नाही’ म्हणू नका.

ताट-पेला वेगळा काढू नका. या पिढीने वेगळ्या कपातला चहा आणि वरून ओतलेले पाणी सोसले आहे. स्वतःच्या घरात कोपऱ्यात वेगळे भांडे दिसले, तर तीच जखम पुन्हा उघडते. डॉक्टरांनी एखादी खबरदारी सांगितली असेल, तर तिचे कारण आजीला समजावून सांगा.

पाणी का कमी पिते, ते शोधा. सार्वजनिक शौचालय लांब, रात्री अंधार; म्हणून अनेक वृद्ध बायका पाणीच टाळतात. त्यातून बद्धकोष्ठता होते, लघवीचा संसर्ग होतो. घरात कमोडची खुर्ची किंवा बेडपॅन ठेवा, रात्री दिवा चालू ठेवा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास पाणी किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारा.

अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर २ तासांनी बदला. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज पाहा. लाल झालेली जागा चोळू नका. तिच्यावरचा भार काढा आणि आशाताईंना किंवा परिचारिकेला दाखवा. भरवताना बसते करा. जेवल्यावर अर्धा तास आडवे करू नका.

अचानक बरळणे, माणसे न ओळखणे याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडू नका. संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे किंवा नवे औषध हे कारण असू शकते. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर क्षणभरही न थांबता १०८ ला फोन करा.

वय ७० किंवा अधिक असेल, तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड काढता येते. त्यावर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. छळ, हेळसांड किंवा अन्य अडचण असेल, तर ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन १४५६७ आहे.

सेवेचा भार बहुतेक घरांत एकट्या सुनेवर किंवा लेकीवर पडतो. तीही माणूसच आहे. घरातल्या पुरुषांनी पाळी वाटून घ्यावी. विहारातल्या तरुणांनी आठवड्यातून एक तास अशा घरी जाऊन बसावे. १९५६ साली आईबापांचे बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेली मुले आज पंच्याहत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत. त्यांच्याजवळ बसून तो दिवस ऐकून घ्यावा. त्यांना धीर मिळेल आणि आपल्याला इतिहास.