नादुरुस्त डिझेल इंजिन : दुरुस्त करावे की नवे घ्यावे?

भद्रावती तालुक्यात नदी, नाले व विहिरी यांवरून पाणी उचलण्यास एक सिलिंडरचे डिझेल इंजिन अद्यापही उपयोगी पडते. धान निसवत असता किंवा हरभरा घाटे धरीत असता हे इंजिन निकामी झाल्यास शेतकऱ्यावर दुहेरी संकट येते. पाण्याची पाळी चुकते आणि मोठा खर्चही उभा राहतो. अशा वेळी प्रथम शेजाऱ्याचे किंवा भाड्याचे इंजिन लावून पीक वाचवावे. इंजिनाचा विचार त्यानंतर शांतपणे करावा.

बिघाडाची परीक्षा

काळा धूर बहुधा हवेची जाळी चोंदल्याचे किंवा नोझल बिघडल्याचे लक्षण होय. हा खर्च अल्प असतो. निळसर धूर येऊन वंगण वारंवार कमी होत असेल, तर रिंगा व लायनर झिजले असावेत. हँडल मारताना दाब लागत नसल्यास रिंगांप्रमाणेच व्हॉल्व्हही तपासावेत. वंगण दुधासारखे पांढरे दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. अशा स्थितीत इंजिन मुळीच चालवू नये.

कोणता भाग गेला?

१. पिस्टन, रिंगा, लायनर व बेअरिंग हे झिजणारेच भाग आहेत. ते बदलल्यास इंजिन पुन्हा चांगले काम देते.

२. क्रँकशाफ्टवर ओरखडे असल्यास तो घासून कमी मापाची बेअरिंगे बसविता येतात. मात्र पूर्वी शेवटच्या मापापर्यंत घासलेला किंवा तडकलेला शाफ्ट पुन्हा वापरू नये.

३. कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाचे मुख्य अंग फुटले असेल, तर बहुधा नवे इंजिन घेणेच हिताचे ठरते.

खर्चाचा हिशेब

इंजिन खोलून, मापे घेऊन फिटरकडून सुटे भाग, लेथचे काम व मजुरी यांचा लेखी अंदाज घ्यावा. समजा, नव्या इंजिनास १०० रुपये लागतात व ते १० हंगाम चालते, तर दर हंगामास १० रुपये पडतात. दुरुस्तीस ४० रुपये लागून इंजिन ५ हंगाम चालले, तर ८ रुपये पडतात. परंतु ते २ हंगामच टिकले, तर २० रुपये पडतात. म्हणून केवळ आजचा खर्च न पाहता पुढील आयुष्यही पाहावे. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक होत असल्यास किंवा सुटे भाग मिळत नसल्यास जुन्याचा मोह सोडावा.

विहिरीस खात्रीचे पाणी असल्यास सौर पंपाचाही विचार करावा. राज्यात २०२४ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के ठेवण्यात आला. मात्र निरनिराळ्या नाल्यांवर हलवावयाचे असल्यास डिझेल इंजिनच सोयीचे.

पुन्हा बिघाड होऊ नये म्हणून

बिघाडाचे मूळ कारण दूर न केल्यास नवे इंजिनही त्याच वाटेने जाते. माजरीकडील उघड्या कोळसा खाणींच्या परिसरात धूळ फार असते. तेथे हवेची जाळी वरचेवर स्वच्छ करावी. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये, त्याने हेड तडकते. नव्याने बांधलेल्या इंजिनावर आरंभी हलका भार द्यावा व पहिले वंगण लवकर बदलावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच गावातील इंजिनांची तपासणी करवून घ्यावी. उन्हाळ्यात बदललेली रिंग पुढे धानाची लोंबी वाचविते.