फवारणी पंपाचे पितळी भाग घासताना घ्यावयाची काळजी

खरिपाच्या फवारण्या संपल्या की पंप खोलून साफ करण्याची वेळ येते. मुंबईला कामानिमित्त गेलेले अनेक शेतकरी मस्जिद स्थानकाजवळच्या नागदेवी स्ट्रीटवरून वॉशर, नोझल आणि सोबत पॉलिश पेपर, कार्बोरंडमची पेस्ट घेऊन येतात. माल चांगला असतो. कोणत्या भागावर काय वापरायचे, हे मात्र आपण विचारत नाही.

घासण्याआधी धुणे महत्त्वाचे. पंपावर कीडनाशकाचा थर असतो. तो कोरडाच घासला तर विषारी धूळ थेट नाकातोंडात जाते. रबरी हातमोजे घालून भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, नंतर तीन वेळा स्वच्छ पाण्याने. हे पाणी विहीर, ओढा किंवा जनावरांच्या हौदाजवळ ओतू नका.

गिरगावच्या चाळीत सणाआधी समया आणि ताम्हण चिंचेने घासतात. चिंचेतील आम्ल काळपट थर काढते, धातू फारसा झिजवत नाही. पंपाच्या पितळेला बाहेरून एवढे पुरेसे आहे. फक्त नंतर धुऊन कोरडे पुसा, नाहीतर हिरवट डाग येतात. डाग राहिलाच तर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. पेपरवरील आकडा जितका मोठा, तितका दाणा बारीक. 80 नंबरचा पेपर इथे नको; 600 किंवा पुढचा घ्या. अमोनिया असलेले पातळ पॉलिश पितळेवर वाळू देऊ नका, ताणाखालच्या भागाला बारीक तडे जाऊ शकतात.

कार्बोरंडमची पेस्ट डिझेल इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवण्यासाठी ठीक, तीही काम झाल्यावर पूर्ण धुऊन काढली तर. पितळी बुश किंवा कॉकला लावली, की तिचे दाणे मऊ धातूत रुततात आणि धुऊनही निघत नाहीत. मग तोच भाग आतल्या दांड्याला खात राहतो. पंप दुरुस्त केल्यावर महिन्यात पुन्हा गळू लागला, तर आधी हे तपासा.

नोझलच्या छिद्राला पेस्ट, पेपर, तार, सुई यातले काहीही लावू नका. एका मिरचीच्या प्लॉटवर पाने करपली तेव्हा मीही आधी औषधालाच दोष दिला होता. नोझल तारेने कोरलेले निघाले. प्रवाह वाढला होता आणि मात्राही. जुना टूथब्रश आणि पाणी एवढेच वापरा. नंतर त्याच दाबाने एक मिनिट पाणी बादलीत धरून मोजा. नव्या नोझलपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त पडले तर नोझल बदला. चकाकी असली म्हणून ते चांगले ठरत नाही.

बफिंगच्या चाकावर काम असेल तर गॉगल आणि मास्क हवाच. सैल बाही, उपरणे, मोकळे केस नकोत. फिरत्या चाकाजवळ कापडी हातमोजेही नकोत. चाक मोजा पकडते आणि हात ओढते. चाक आपल्याकडे खाली फिरत असेल तर भाग मध्यरेषेच्या थोडा खाली धरा, वरच्या बाजूला धरला तर तो हिसकावला जातो. लोखंड घासलेल्या चाकावर अॅल्युमिनियम कधीही घासू नका. ठिणगीने त्याची पूड पेटू शकते. अशा आगीवर पाणी मारू नये; कोरड्या वाळूची बादली हाताशी असू द्या.