लिंकनचे खानदेशी सोयरे

जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीत एक चौकट लावलेली असते: अब्राहम लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले पत्र. वसंत बापटांच्या मराठीमुळे ते इतके आपलेसे झाले, की त्यावर शंका घेणेही अवघड. पण लिंकनच्या समग्र कागदपत्रांत असे पत्रच नाही. तेव्हा ते हेडमास्तर कोण, हे शोधण्यात हशील नाही. लिंकनशी ज्यांचे खरेच देणेघेणे होते, अशी माणसे इकडे शाळेत नव्हे, कापसाच्या बाजारात सापडतात.

१९ एप्रिल १८६१ रोजी लिंकनने दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. अमेरिकन कापसावर चालणाऱ्या लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२च्या अखेरीस सभा भरवून गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात लिंकनला पाठिंबा कळवला. १९ जानेवारी १८६३ला त्याने त्यांना उत्तर धाडले. हे पत्र अस्सल आहे. चौकटीत लावायचेच तर हे लावावे. निदान त्याचा कापसाशी, म्हणजे आपल्याशी, संबंध आहे.

मँचेस्टरची भूक भागवायला मुंबईहून निघालेल्या कापसाला तिकडे सरसकट ‘सुरती’ म्हणत, मग तो खानदेशचा का असेना. आखूड धाग्याच्या आणि कचरा भरलेल्या या मालाला तिकडचे कामगार वैतागत. पण दुसरा मिळत नव्हता. इकडे भाव चढले तशी लबाडीही चढली. रात्री गंजीवर पाणी मारायचे, गोणीच्या पोटात सरकी नि माती दडपायची, वर पांढराशुभ्र थर द्यायचा. अखेर १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या भेसळीविरुद्ध खास कायदा करून निरीक्षक नेमावे लागले. कापूस ओला करून वजन वाढवणे हा काही आजकालचा शोध नव्हे!

या धामधुमीतला एक विसरलेला माणूस म्हणजे खानदेशचे कलेक्टर लायोनेल रॉबर्ट ॲशबर्नर. जिल्हा तेव्हा अखंड होता, कचेरी धुळ्यात. देशी वाण हटवून हिंगणघाटचे लांब धाग्याचे बी शेतकऱ्यांच्या गळी उतरवण्याचा त्यांनी ध्यास घेतला. यात रयतेचे हित किती आणि मँचेस्टरचे किती? मला तरी पारडे मँचेस्टरकडे झुकलेले दिसते. पुढे १८८० साली काही आठवडे ते मुंबईचे हंगामी गव्हर्नरही होते.

शेजारच्या वऱ्हाडात कापसाचे कमिशनर होते हॅरी रिव्हेट-कारनॅक. तिथल्या कापसासाठी टाकलेल्या खामगावच्या रेल्वेचे उद्घाटन १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले. दोनच वर्षांनी अंदमानात लिंकनप्रमाणे त्यांचाही खून झाला. योगायोगच, पण नोंदवल्यावाचून राहवत नाही.

तेजीच्या काळात खरी अडचण मुंबईच्या वाटेत होती. रूळ १८६३ साली भुसावळपर्यंत पोचले, पण थळ घाट अडून होता. इगतपुरीला गठाणी उतरवा, बैलगाड्यांत भरून घाट उतरा, कसाऱ्याला पुन्हा डब्यात चढवा. घाटातून गाडी सुरू झाली ती १ जानेवारी १८६५ला. ९ एप्रिलला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला आणि १४ एप्रिलच्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाटकगृहात लिंकनवर गोळी झाडली गेली. रूळ सलग झाले आणि चार महिन्यांच्या आत तेजीच आटोपली.

बाजाराला दणका बसला तो खुनाने नव्हे, शरणागतीने. अमेरिकन कापूस परतणार म्हटल्यावर भाव गडगडले, १ जुलैच्या वायद्याला मुंबईतल्या पेढ्या कोसळल्या, प्रेमचंद रायचंदांसारखा सट्ट्याचा बादशहाही बुडाला. तेजीवर फुगलेली जळगावची पेठ हादरली, पण स्टेशन दारात असल्याने सावरली. १८७०च्या दशकात तिथे खानदेश मिल उभी राहिली. आज तिच्या जागेवर खानदेश सेंट्रल आहे. आग्रा रोडवरच्या धुळ्याला मात्र चाळीसगावहून रेल्वे यायला १९०० साल उजाडले. तोवर कापसाचे अडते नि जिनवाले जळगावात मुरले होते. १९०६ साली जिल्हा दुभंगला आणि पूर्व खानदेशचे मुख्य ठाणे जळगाव झाले.